बॅटरीचे गवतयंत्र घेताना : आधी हिशेब, मग सौदा

पावसाळा लागला की कोल्हापुरात दोन गोष्टींना जोर चढतो. एक पंचगंगेच्या पाण्याला आणि दुसरा गवताला. बंगल्यांची आवारे, शाळांची मैदाने, मंगल कार्यालयांची लॉन, कब्रस्ताने, सगळीकडे गुडघाभर गवत उभे राहते. पूर्वी हे काम विळा-खुरप्याने होत असे. मग पेट्रोलची यंत्रे आली. आता बॅटरीवर चालणारी यंत्रे बाजारात आली आहेत. आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढण्याची कटकट नाही. अनेक कारागीर बंधू ती घेऊ लागले आहेत.

मी कापडाचा व्यापारी, यंत्रांचा जाणकार नव्हे. तरी हे लिहीत आहे, त्याला कारण आहे.

आमच्या मोहल्ल्यातील एक माळी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर उसनवारी करून बॅटरीचे यंत्र घेऊन आला. त्यावर मोठ्या अक्षरांत '८८ व्होल्ट' असे छापलेले होते. पहिल्याच कामावर ते १० मिनिटांत बंद पडले. चार्ज करून पुन्हा लावले, पुन्हा १० मिनिटे. बंगल्याच्या मालकाने दुसरा माणूस बोलावला. दुकानदाराने हात झटकले. ऐन हंगामात त्या माळ्याला पुन्हा विळा हाती घ्यावा लागला आणि उसने मात्र डोक्यावर राहिले.

माझा भाचा उद्यमनगरात मोटारी बांधतो. त्याने ती बॅटरी उघडून पाहिली. (वाचकांनी हा उद्योग घरी करू नये.) आत १० सेल निघाले, पाच-पाचच्या दोन रांगा. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा असतो. पाच सेल एकामागे एक जोडले की होतात १८ व्होल्ट. म्हणजे ८८ हा आकडा फक्त स्टिकरवर होता.

पन्हा आणि लांबी

आपल्या धंद्यातले उदाहरण देतो. गिऱ्हाईक कापड घेताना केवळ पन्हा पाहत नाही, लांबीही मोजते. बॅटरीचे तसेच आहे. व्होल्ट हा पन्हा समजा आणि अँपिअर-अवर ही लांबी. दोन्हींचा गुणाकार केला की खरा माल कळतो. त्याला वॉट-अवर म्हणतात. त्या माळ्याची बॅटरी १८ व्होल्ट आणि ३ अँपिअर-अवरची होती, म्हणजे ५४ वॉट-अवर. यंत्र ३०० वॉटच्या पुढे ओढत असेल तर ते १० मिनिटांतच थांबणार. दोष माळ्याच्या हाताचा नव्हता.

आता तुलना पाहा. पेट्रोलच्या चांगल्या ब्रश कटरची ताकद सुमारे १,००० वॉट असते. तेवढ्या ताकदीने एक तास काम करायचे तर १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या, म्हणजे ७२ वॉट-अवरच्या, चौदा बॅटऱ्या लागतील. म्हणून बॅटरीचे यंत्र वाईट नव्हे, पण त्याचे काम वेगळे आहे.

दुकानात तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट चार्जर. स्टिकर काहीही सांगो, चार्जर खोटे बोलत नाही. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा होतो. चार्जरवर आउटपुट २१ व्होल्ट लिहिले असेल तर आत पाचच सेल एकामागे एक आहेत आणि बॅटरी १८ व्होल्टची आहे. ४२ व्होल्ट असेल तर ती ३६ व्होल्टची. नामांकित कंपन्याही १८ च्या बॅटरीला '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात. तो भरलेल्या सेलचा आकडा आहे, त्यात फसवणूक नाही. पण ८८ आणि १२८ व्होल्टचे स्टिकर पाहिले की सावध व्हा.

दुसरी गोष्ट वजन. तराजू आपल्या ओळखीचा आहे. अशा बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा लहान सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. अर्धा किलोची बॅटरी १०० वॉट-अवरच्या फार पुढे जाऊ शकत नाही, मग वर काहीही छापलेले असो.

तिसरी गोष्ट नोंदणी. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा आकडा आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर पाहा. पक्के बिल घ्या आणि त्यावर वॉट-अवर लिहून मागा. जो दुकानदार लिहून देतो त्याचा माल घ्यावा.

कोणत्या कामाला कोणते यंत्र

कुंपणाची मेंदी छाटणे, भिंतीकडेचे गवत, फुलझाडांच्या वाफ्यांमधील साफसफाई, या कामांना १८ व्होल्टचे यंत्र आणि दोन बॅटऱ्या पुरतात. दगड आणि भिंतीजवळ नायलॉनची दोरी लावावी, पाते नको. कब्रस्तानात हे विशेष लक्षात ठेवावे.

लॉनसाठी ढकलण्याचे यंत्र घ्यायचे तर गुंठ्यांत हिशेब करा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सोळा इंची पात्याच्या यंत्राला, वळणे धरून, एका गुंठ्यास ८ ते १० मिनिटे लागतात. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी १४४ वॉट-अवरची होते. यंत्र ५०० वॉट ओढत असेल तर ती सुमारे १७ मिनिटे चालेल, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आतच. १० गुंठ्यांच्या लॉनला तशा सहा बॅटऱ्या लागतील. तिथे वायरचे किंवा पेट्रोलचे यंत्रच परवडते. झुडपे, माजलेले रान आणि ओली वैरण यांनाही पेट्रोलच.

ज्या सुतार-फिटर बंधूंकडे आधीच बॅटरीचे ड्रिल आहे त्यांनी त्याच कंपनीचे, त्याच बॅटरीचे बागयंत्र पाहावे. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीला बसत नाही. यंत्राची किंमत विचारण्याआधी सुट्या बॅटरीची विचारा. ७२ वॉट-अवरची बॅटरी एका युनिटमध्ये दहा-बारा वेळा चार्ज होते, तेव्हा विजेचा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा. परवडत असेल तर ब्रशलेस मोटार घ्यावी; तिच्यात झिजणारे कार्बन नसतात.

गवतयंत्राचा जन्म कापड गिरणीत

कापडवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. लॉन कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडच्या एडविन बडिंगने काढले आणि १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. स्ट्राउड भागातील लोकरी कापडाच्या गिरण्यांत कापडावरची लव सारखी कापणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने पाहिले होते. जे कापडाला लागू तेच गवताला लागू, हा त्याचा विचार. लिथियमची बॅटरी मात्र १९९१ मध्ये बाजारात आली.

निगा

बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका. चार्जर तिचाच वापरा. पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढा. डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट असू द्या. हंगाम संपल्यावर लिथियमची बॅटरी निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. फवारणी पंपाची १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवावी आणि मधूनमधून चार्ज करावी, नाहीतर ती बसते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरीच्या पेठेत पाणी शिरले होते. पुरात बुडालेली लिथियमची बॅटरी वाळवून चार्ज करणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ती वेगळी गोळा करणाऱ्यांकडे द्यावी लागते.

शेवटी विक्रेत्या बंधूंना एकच सांगणे. मापात कमी कापड देणाऱ्याला पेठ चोर म्हणते. १८ ला ८८ म्हणून विकणाराही त्याच पंक्तीतला. त्याने एका मेहनती माणसाचा एक हंगाम बुडवला, आणि बुडालेला हंगाम कोणत्याही वॉरंटीत भरून मिळत नाही.