तान पुरी कर, मग मर!

मल्हार म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो. ग्वाल्हेरच्या जुन्या गवयांना मात्र मियाँ की मल्हार म्हटलं की एक बळीही आठवतो.

मियाँ म्हणजे तानसेन. त्याची कबर ग्वाल्हेरातच, सूफी संत महंमद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी. तिथल्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणे. मूळ झाड केव्हाच गेलं. आता गवई चावतात तो त्याच्या जागी वाढलेल्या चिंचेचा पाला. गुण तोच, अशी खात्री!

आता बळीची गोष्ट. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँच्या तानांचा बोलबाला होता. हद्दू-हस्सू खाँ या भावांनी पडद्याआड बसून त्या उचलल्या, अशी ग्वाल्हेर घराण्यातली कथा. चोरी उघडी पडली तेव्हा महंमद खाँनी तोंडभर कौतुक केलं आणि हळूच फर्माईश केली: मियाँ की मल्हार होऊ द्या, त्यात ‘कडक बिजली’ तान घ्या. हस्सू खाँनी ती घेतली, छातीत कळ आली, तोंडातून रक्त आलं. आजोबा नत्थन पीरबख्श यांनी उपरण्याने ते पुसलं आणि सांगितलं, मरायचंच असेल तर तान पुरी करून मर. (असा आजोबा नको रे बाबा!) हस्सू खाँ पुढे फार जगले नाहीत, म्हणतात.

गायकी मात्र जगली, तीही मराठी गळ्यांत. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बाळकृष्णबुवांनी ती महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुसकरांचे शिष्य देवधर आणि देवधरांचे कुमार गंधर्व. क्षयाने कुमारांचं एक फुप्फुस निकामी झालं, गाणं काही वर्षं बंद पडलं. देवासला आजारपणाच्या खाटेवरून उठले ते छोट्या, लखकन चमकून जाणाऱ्या ताना घेऊन, आणि पुढे पावसाळी गाण्यांचा ‘गीत वर्षा’ हा अख्खा कार्यक्रमच त्यांनी उभा केला. ‘कडक बिजली’चा याहून गोड सूड कुठला?

मियाँ की मल्हार या रागाची खरी खुबी मात्र दोन निषादांत. कोमल निषादावरून धैवताला टेकायचं, तिथून शुद्ध निषादावर चढून षड्ज गाठायचा. ढग दाटून येतात ते इथेच. कोमल गंधारही सरळ उभा राहत नाही, झुलतो.

गंमत म्हणजे या रागातला गाजलेला विलंबित ख्याल ‘करीम नाम तेरो’ यात पावसाचा थेंबही नाही. देवाकडे मागणं आहे: दुःख-दारिद्र्य घालव, सगळ्यांना सुख दे.

आणि हे सगळं जड वाटत असेल तर ‘गुड्डी’मधलं (१९७१) वाणी जयराम यांचं ‘बोले रे पपीहरा’ लावा. राग तोच, संगीतकार आपले वसंत देसाई, आणि कुणाच्या जिवाला धोका नाही.