मेंदूचे काम, बुद्धी आणि स्वभाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूविषयीच्या गैरसमजांची यादी लांबलचक असली तरी त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते, आणि ती म्हणजे मेंदू जितका जास्त ‘चालतो’ तितका माणूस हुशार आणि मेंदूचा जो भाग जास्त चालतो तसा त्याचा स्वभाव. ही समजूत ऐकायला इतकी सरळ वाटते की तिची तपासणी करण्याची गरजच कोणाला भासत नाही. प्रयोगशाळेतील निष्कर्ष मात्र तिच्याशी फारसे जुळत नाहीत.

माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हे या समजुतीचे सर्वांत प्रसिद्ध रूप होय. डेल कार्नेगी यांच्या 1936 साली निघालेल्या लोकप्रिय पुस्तकाच्या प्रस्तावनेत लोवेल थॉमस यांनी हा आकडा मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या नावावर घातला आणि तेथून तो जगभर पसरला. वस्तुतः शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो, आणि नव्वद टक्के भाग नुसता पडून असता तर पक्षाघाताच्या बहुतेक झटक्यांनी रुग्णाचे काहीच बिघडले नसते.

बुद्धीचा मेंदूच्या कामाशी संबंध शोधणाऱ्यांसाठी 1988 साल महत्त्वाचे ठरले. अमेरिकेतील रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ स्वयंसेवकांना रेव्हन यांची आकृतिबंध चाचणी सोडवायला दिली. या चाचणीत तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडलेल्या नऊ चौकटींपैकी शेवटची कोरी असते, बाकीच्या आकृत्या कोणत्या नियमाने बदलत गेल्या आहेत हे ओळखावे लागते आणि खाली दिलेल्या पर्यायांतून कोऱ्या चौकटीत बसणारी आकृती निवडावी लागते. भाषा किंवा शालेय ज्ञान यांचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. चाचणी चालू असताना स्वयंसेवकांना किरणोत्सारी खूण असलेली शर्करा टोचली गेली आणि सुमारे अर्ध्या तासानंतर पेट स्कॅनने, म्हणजे ती शर्करा मेंदूच्या कोणत्या भागाने किती शोषली हे दाखवणाऱ्या यंत्राने, त्यांच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. अपेक्षा अशी होती की ज्यांना जास्त गुण मिळाले त्यांच्या मेंदूने जास्त शर्करा वापरलेली असेल, पण निष्कर्ष नेमका उलटा निघाला आणि जास्त गुण मिळवणाऱ्यांचा मेंदू तुलनेने कमी इंधनात काम भागवताना दिसला. पुढे 1992 साली त्याच गटाने काही स्वयंसेवकांना टेट्रिस हा संगणकीय खेळ काही आठवडे खेळायला लावला, तेव्हा खेळातील गती अनेक पटींनी वाढूनही मेंदूच्या काही भागांतील शर्करेचा वापर आधीपेक्षा घटलेला आढळला. ‘चेतासंस्थेची कार्यक्षमता’ या नावाने ओळखले जाणारे गृहीतक याच निरीक्षणांतून पुढे आले.

एवढ्यावरून ‘शांत मेंदू म्हणजे हुशार मेंदू’ असा नवा समज करून घेणेही तितकेच चुकीचे ठरेल, आणि दुर्दैवाने तोही झालाच. ऑस्ट्रियातील आल्योशा नॉयबाउअर आणि आंद्रेआस फिंक यांनी 2009 साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की सोप्या आणि मध्यम कामांत हे गृहीतक बऱ्यापैकी लागू पडते, पण काम खरोखर कठीण झाले की चित्र पालटते आणि जास्त बुद्धी असलेल्यांचा मेंदू अधिक सक्रिय होतो, कारण ज्याला सुटण्याची आशा असते तो झटत राहतो आणि ज्याला नसते त्याने प्रयत्न आधीच सोडलेला असतो. म्हणजे मेंदूच्या सक्रियतेचा एकच आकडा काम, सराव, प्रयत्न आणि क्षमता या चारही गोष्टींमुळे खालीवर होत असतो, आणि काम कोणते हे न सांगता दिलेल्या त्या आकड्याला काहीही अर्थ उरत नाही. एकाच ‘बुद्धिकेंद्रा’ची कल्पनाही टिकलेली नाही, रेक्स युंग आणि हायर यांनी 2007 साली 37 अभ्यासांच्या आधारे जो सिद्धांत मांडला त्यानुसार कपाळामागचे आणि डोक्याच्या वरच्या व मागच्या बाजूचे अनेक प्रदेश परस्परांशी किती चांगले जोडलेले आहेत, यावर बुद्धीचा मोठा भाग अवलंबून असतो.

वर्तमानपत्रांत छापली जाणारी मेंदूची रंगीत चित्रे हा गैरसमजांचा आणखी एक झरा आहे. ती बहुधा कार्यात्मक एमआरआय या तंत्राने मिळतात, आणि हे तंत्र चेतापेशींचे काम प्रत्यक्ष मोजत नाही. चेतापेशी सक्रिय झाल्यावर त्या भागात काही सेकंदांनी प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो, तो बदल ते टिपते. चित्रातला लाल-पिवळा भाग म्हणजे ‘फक्त येथेच काम चालू आहे’ असे नव्हे, तर दोन स्थितींची तुलना केल्यावर संख्याशास्त्राच्या ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलेला फरक, आणि रंग संगणकाने नंतर भरलेले असतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 साली बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि हजारो चाचण्या एकाच वेळी केल्यामुळे पडणारी चूक दुरुस्त केली नाही तर त्या मृत माशाच्या मेंदूतही सक्रियता दिसते, हे दाखवून दिले. विनोद म्हणून हा प्रयोग गाजला, पण संशोधकांनी त्याचा धडा गांभीर्यानेच घेतला.

मेंदूचा आकार आणि बुद्धी यांचा संबंध अजिबात नाही असेही म्हणता येत नाही. आठ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या 2015 सालच्या आढाव्यात दोहोंतील सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत किती सातत्याने बदलतात याचे उणे एक ते अधिक एक या मापातील मोजमाप, सुमारे 0.24 आढळला, याचा अर्थ माणसामाणसांतील बुद्ध्यांकाच्या फरकापैकी साधारण सहा टक्केच आकाराशी जोडता येतो. आइनस्टाइन यांचा मेंदू 1230 ग्रॅम भरला, म्हणजे सरासरीहून थोडा हलकाच. उजव्या मेंदूची माणसे सर्जनशील आणि डाव्या मेंदूची तर्कनिष्ठ, या वर्गीकरणाची स्थिती त्याहून वाईट आहे. रॉजर स्पेरी यांनी दोन्ही अर्धगोलांना जोडणारा सेतू कापलेल्या रुग्णांवर जे काम केले आणि ज्यासाठी त्यांना 1981 साली नोबेल मिळाले, त्यातून काही कामे एका बाजूला अधिक चालतात हे सिद्ध झाले. पण युटा विद्यापीठात 2013 साली 1011 मेंदूंची चित्रे तपासली असता एखाद्या माणसाचे संपूर्ण डावे किंवा संपूर्ण उजवे जाळे दुसऱ्यावर वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही.

स्वभावाच्या बाबतीत तर पुरावा आणखी विरळ होतो. अग्रखंडाला, म्हणजे कपाळामागच्या भागाला, इजा झाली की माणूस कायमचा बदलतो, याचा दाखला म्हणून फिनियस गेज याचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात 13 सप्टेंबर 1848 रोजी रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून घुसून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण शांत आणि जबाबदार मुकादम असलेला हा तरुण हट्टी आणि बेताल झाला, असे त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवले. पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत तो भाग असा की गेजने नंतर चिले देशात अनेक वर्षे प्रवाशांच्या घोडागाड्या हाकल्या, ज्यासाठी वेळापत्रक, संयम आणि प्रवाशांशी व्यवहार या सगळ्यांची गरज असते. माल्कम मॅकमिलन यांच्या संशोधनाने हे पुढे आणले असून त्यावरून मोठी इजा झाल्यावरही वर्तन बऱ्याच अंशी सावरू शकते, असेच दिसते.

निरोगी माणसांत स्वभावाचे ‘स्थान’ शोधण्याचे प्रयत्नही असेच अडखळले. हान्स आयझेंक यांनी 1967 साली असे सुचवले की अंतर्मुख माणसाच्या मेंदूचे बाह्यपटल मुळातच अधिक उत्तेजित असते, म्हणून तो गोंगाट टाळतो. विद्युतालेखाच्या, म्हणजे ईईजीच्या, चाचण्यांनी या कल्पनेला अर्धवट पाठिंबा दिला. पुढे बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता यांसारखे स्वभावगुण मेंदूच्या विशिष्ट भागांच्या आकाराशी जोडणारे लहान अभ्यास निघाले, पण हजाराहून अधिक तरुणांवर केलेल्या नंतरच्या अभ्यासांत ते दुवे उभे राहिले नाहीत. ‘नेचर’मध्ये 2022 साली आलेल्या एका विश्लेषणात सुमारे पन्नास हजार लोकांच्या माहितीवरून असे दाखवण्यात आले की असे संबंध इतके क्षीण असतात की ते खात्रीने पकडायला हजारो माणसे लागतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक अभ्यास पंचवीसेक माणसांवर झालेले होते.

गटाच्या सरासरीत मोठ्या कष्टाने दिसणारा हा दुवा एखाद्या मुलाच्या अहवालात ठळक अक्षरांत छापून देणारा व्यवसाय मात्र जोरात चालला आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्तेचे प्रकार आणि करिअर सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचणीचा आधार एवढाच की त्वचा आणि मेंदू गर्भातील एकाच थरापासून बनतात. त्याच थरापासून दातांचे इनॅमल आणि घामाच्या ग्रंथीही बनतात, तरी घामावरून अभियांत्रिकीची शाखा निवडण्याचे अद्याप कोणी सुचवलेले नाही. ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’ या नावाने डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या शिबिरांना महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विरोध केला आहे. पट्टी आणि नाक यांच्यामधली फट पूर्ण बंद केली की हे वाचन थांबते, आणि खरा मध्यमस्तिष्क डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे वळणे, डोपामिन हे रसायन बनवणे अशी कामे जन्मापासून करत असतो, त्याला वेगळे ‘जागे’ करावे लागत नाही.

बुद्धीचे मोजमाप आजही मेंदूच्या चित्रावरून केले जात नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी जे रूपांतर केले ते ‘बिने-कामत’ या नावाने अजून वापरात आहे, आणि त्यात मूल समोर बसून प्रश्नांची उत्तरे देते. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेतील सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देतानाही बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या आणि मुलाचा शालेय इतिहास पाहिला जातो. ईईजी किंवा एमआरआय डॉक्टर सुचवतात ते फिट येणे, गाठ किंवा इजा यांसारख्या आजाराची शंका असेल तेव्हा, आणि तो अहवाल ‘नॉर्मल’ आला तर मुलाच्या हुशारीविषयी त्यातून चांगले किंवा वाईट असे काहीच कळत नाही.