दुष्काळातून वाचलेले लाकडी घोडे

जत्रेतला घोड्यांचा गोल पाळणा आपण सर्वांनी पाहिला आहे. पण असल्या पाळण्यावर पंचायतीने पैसा घातला तर गावात केवढा गहजब होईल! अमेरिकेतल्या एका शेतकरी मुलखात १९२८ साली नेमके हेच घडले.

कोलोरॅडो राज्याच्या पूर्व टोकाला किट कार्सन नावाचा परगणा आहे. गहू, मका आणि गुरे यांवर जगणारा हा कोरडवाहू भाग. डेन्व्हरच्या एलिच गार्डन्स या बागेने नवा पाळणा घेतला आणि १९०५ साली बनलेला जुना विकायला काढला. परगण्याच्या कारभाऱ्यांनी तो वाजंत्रीच्या मोठ्या पेटीसह १,२५० डॉलरला घेतला आणि बर्लिंग्टन गावच्या जत्रेच्या मैदानावर बसवला. लोक चिडले. चैनीवर आमचा कराचा पैसा कशाला, असे ते विचारू लागले.

पुढे मंदी आली, पाठोपाठ दुष्काळ आणि धुळीची वादळे. १९३१ पासून जत्राच थांबली. पाळण्याच्या इमारतीत गुरांचा चारा भरला गेला. चाऱ्यामागे उंदीर आले आणि त्यांनी वाजंत्रीच्या पेटीची नासधूस केली. १९३७ साली पाळणा पुन्हा फिरू लागला.

त्यावर ४६ प्राणी आहेत. घोड्यांबरोबर जिराफ, उंट, सिंह, वाघ, हरीण, बोकडही आहेत. मधल्या भागावर ४५ रंगीत चित्रे आहेत. १९७० नंतरच्या दशकात गावकऱ्यांनी दुरुस्ती मनावर घेतली. आधी पेटी सुरी केली. मग विल मॉर्टन या जाणकाराने प्राणी व चित्रे हाती घेतली. सगळे खरवडून नवा रंग फासणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. काळवंडलेले व्हार्निश आणि वरचे थर हलक्या हाताने काढून मूळ रंग उघडा केला आणि जिथे रंग गेला होता तेवढेच भरले. १९८१ साली चार प्राणी चोरीस गेले, पण काही महिन्यांनी परत मिळाले. १९८७ साली हा पाळणा राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरला. ज्या खर्चावरून भांडण झाले, तोच आज परगण्याचा मान आहे.

आपल्याही गावात देवळाचा रथ, पालखी, वाड्याचे कोरीव दार असते. उत्सव आला की काचकागद मारून त्यावर ऑइलपेंट चढवू नका. आधी कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा. लाकडाखाली बारीक पीठ पडलेले दिसले तर कीड लागली असे समजा आणि जाणत्या सुताराला दाखवा. ओल आणि वाळवी यांपासून लाकूड दूर ठेवा. आणि रथाच्या खोलीत कडबा कधीही रचू नका. कडब्यामागून उंदीर येणारच, मग गाव कोलोरॅडोतले असो की आपले.