शेजारची परकी भाषा

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी अशा भाषा तिथे शिकता येतात. कुठलीही नवी भाषा शिकताना आकडे लवकरच समोर येतात, आणि रशियन घेतलेल्या मराठी विद्यार्थ्याचे कान टवकारतात. रशियनमध्ये दोनला ‘द्वा’ आणि तीनला ‘त्री’ म्हणतात. फ्रेंचमध्ये तीनला ‘त्रुआ’, जर्मनमध्ये ‘द्राय’. आपल्या द्वि-त्रिची ही भावंडं. हजारो मैलांवरच्या भाषेत घरचीच माणसं भेटावीत, तसं वाटतं.

आता गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या आठवडी बाजारात या आणि मोहफुलांचं माप घालताना चाललेली गोंडी मोजणी ऐका: उंदी, रंड्, मुंड्, नालुंग, सैयुंग, सारुंग. मराठी कानाला यात ओळखीचं काहीच सापडत नाही. पण सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा माणूस शेजारी उभा असेल, तर त्याला रंड्मध्ये आपला ‘रेंडु’, मुंड्मध्ये ‘मूडु’ आणि नालुंगमध्ये ‘नालुगु’ लगेच ऐकू येईल. मराठी इंडो-युरोपीय कुळातली, तर गोंडी तेलुगू-तमिळच्या द्राविडी कुळातली. म्हणजे वंशावळ पाहिली तर गडचिरोलीच्या मराठी माणसाला मॉस्कोची भाषा नात्यातली आहे आणि बांधाला बांध लागून असलेल्या गावाची भाषा परक्या कुळातली. खऱ्या अर्थानं परकी भाषा शिकायची, तर विमानाची गरज नाही, एसटी पुरते!

या परकेपणात काय दडलंय, ते पाहायला मिठाचं उदाहरण घेऊ. तमिळ, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत मिठाला ‘उप्पु’ म्हणतात. गोंडीच्या अनेक बोलींत म्हणतात ‘सोवर’. हा सुरुवातीचा ‘स’ आला कुठून? भाषाशास्त्रज्ञांनी द्राविडी भाषा एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. मूळ द्राविडी भाषेत या शब्दाच्या आरंभी ‘च’सारखा एक ध्वनी होता. दक्षिणेकडच्या थोर साहित्यभाषांत तो गळून गेला, गोंडीत ‘स’ होऊन राहिला. आकड्यांतही तेच घडलं. तेलुगूत पाच म्हणजे ‘ऐदु’ आणि सहा म्हणजे ‘आरु’, पण गोंडीत ‘सैयुंग’ आणि ‘सारुंग’. दोन हजार वर्षांचं लिखित वाङ्मय असलेल्या तमिळनं जे हरवलं, ते जंगलातल्या या भाषेनं निव्वळ तोंडी जपलं.

गोष्ट इथेच संपत नाही. गोंडी मध्य प्रदेशापासून तेलंगणापर्यंत पसरलेली आहे. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे जवळपास ३० लाख लोक होते. एवढ्या पट्ट्यात उत्तर-पश्चिमेकडच्या बोलींत ‘सोवर’ टिकून आहे, वाटेत कुठे त्याचा ‘होवर’ होतो, आणि दक्षिणेकडे, डोंगरातल्या माडिया बोलीत ‘ओवर’ उरतो. ‘स’चा ‘ह’, मग ‘ह’ही गायब! भद्रिराजू कृष्णमूर्ती या तेलुगू भाषाशास्त्रज्ञानं नेमक्या याच बदलाचा शब्दागणिक अभ्यास केला. असा बदल सगळ्या शब्दांना एका दमात गाठत नाही, एकेक शब्द घेत पुढं सरकतो, हे त्यांनी दाखवलं.

हीच वाट ग्रीकनंही चालली आहे. संस्कृत ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्टेम’, पण प्राचीन ग्रीकमध्ये ‘हेप्ता’ आणि आजच्या ग्रीकमध्ये ‘एफ्ता’. फारसीत ‘हफ्त’, आणि त्यातूनच आपला ‘हप्ता’. युरोपातल्या विद्यापीठांत ग्रीकची ही कथा जुन्या ग्रंथांवरून शिकवतात. गोंडीत तिच्या तिन्ही पायऱ्या आज, एकाच वेळी, जिवंत माणसांच्या तोंडून ऐकू येतात.

परक्या कुळांचा शेजार मराठीलाही लाभला आहे. ‘आम्ही निघालो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहतो, ‘आपण निघालो’ म्हटलं की तोही सोबत असतो. हिंदीचा ‘हम’, जर्मनचा ‘वीर’, फ्रेंचचा ‘नू’ हा फरक करत नाहीत. तेलुगू करते: ‘मेमु’ आणि ‘मनं’. मराठीची ही ठेवण द्राविडी शेजारातून आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. जर्मन शिकताना ‘वीर’पाशी अडखळलं की आपल्याच भाषेचं हे वैभव पहिल्यांदा ध्यानात येतं. परकीय भाषा शिकण्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा लाभ हाच.

जगाच्या विद्वानांना चंद्रपूर-गडचिरोलीच्या या भागाचं मोल केव्हाच कळलं होतं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेली गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. राजुरा-जिवतीकडे कोलाम समाज आहे. त्यांच्या कोलामी भाषेवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरे एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. १९६० मध्ये ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापक टी. बरो आणि सुधिभूषण भट्टाचार्य यांनी गोंडीच्या बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह छापला. पुढच्याच वर्षी भट्टाचार्यांनी इथल्या नायकी या द्राविडी भाषेवर निबंध लिहिला. जिल्ह्याचं जुनं नाव चांदा जाऊन चंद्रपूर झालं, तरी द्राविडी भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ‘चांद्याची नायकी’ कायम आहे.

२०११पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हेच त्याचं कार्यक्षेत्र. बाहेरून आलेल्या पंडितांना जे एकेक शब्द विचारून गोळा करावं लागलं, ते इथल्या गोंडी-माडिया मुलामुलींना उपजत येतं. कुठल्या गावात ‘सोवर’, कुठल्या गावात ‘होवर’, आजी काय म्हणते आणि नात काय म्हणते, याचा गावनिहाय नकाशा त्यांच्याइतका नेमका कोण काढू शकेल? तो त्यांनी काढावा, आणि शेजारी बसलेल्या मराठी विद्यार्थ्यानं रशियन-जर्मनइतक्याच आस्थेनं त्यांच्याकडून गोंडी शिकावी. या वर्गात शिकवण्याचा मान त्यांचा आहे.