कुपवाडच्या पोरांना समुद्राची नोकरी? पदवीनंतरची वाट अशी

कुपवाड : बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या पोरापोरींपुढं घरात दोनच वाटा ठेवल्या जातात. बी.एड. करून मास्तर व्हायचं, नाहीतर एमआयडीसीत एखाद्या लॅबमध्ये लागायचं. समुद्री जीव वाचवायचं काम करायचंय असं कुणी म्हटलं, की ‘आपल्याकडं कुठाय समुद्र?’ हा पहिला प्रश्न. प्रश्न रास्तच आहे. आपली कृष्णासुद्धा कोकणाकडं पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला जाते.

पण हे काम राज्यात आहे. ते कसं उभं राहिलं हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला दिसतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी तिथं गेले, तर किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं पडलेली. भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावाला हाताशी धरलं. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही तावडीत सापडणारी अंडी कुंपणात हलवायची, पन्नासेक दिवस राखण करायची, पिल्लं समुद्रात सोडायची. राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे काम समजावून सांगावं लागत नाही.

पुढं २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष झाला. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं, तिचं नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. यंत्र बसवणं, आलेली माहिती वाचणं, इथं शिकलेलं माणूस लागतं.

बारावी सायन्सला असणाऱ्यांनी रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय बघावं. चार वर्षांची बी.एफ.एस्सी., प्रवेश सीईटीतून. बी.एस्सी. झालेल्यांना शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र किंवा गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान घेता येतं. मुंबईत वर्सोव्याला केंद्राची मत्स्य शिक्षण संस्था आहे, पण तिथं पदव्युत्तरच्या बहुतेक विषयांना मत्स्यशास्त्राचीच पदवी मागतात. क्लासची फी भरण्याआधी एवढं तरी तपासावं.

आता पगाराचं. घरच्यांना खरी काळजी त्याचीच, आणि ती चुकीची नाही. इथल्या बहुतेक नोकऱ्या प्रकल्पावरच्या, कंत्राटी. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि घरभाडं, तेही पीएच.डी.च्या ठरावीक वर्षांपुरतंच. कायम नोकरीच पाहिजे असेल तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा द्यावी. मात्र त्यात बदली गडचिरोलीलाही होते. बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी हा हिशेब मांडावा, मग फॉर्म भरावा.

निवडीच्या वेळी नुसते मार्क पुरत नाहीत. पोहता येतं का, आकडेमोड आणि नकाशे संगणकावर जमतात का, हे विचारतात. डायव्हिंग तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत शिकता येतं. पण त्याहून अवघड काम मच्छीमारांशी बोलायचं. जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला आणि जाळं कापून सोडला, तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी फोटो, अर्ज लागतो. तो अर्ज भरायला होडीवाल्याच्या ओटीवर तास-दोन तास बसावं लागतं. पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघत बांधावर बसलेल्या घरातल्या पोराला त्या होडीवाल्याचा राग लवकर कळतो.