पोटातले सोबती आणि ताटातले विष



खडवली परिसरातल्या वस्त्यांत आरोग्याची बैठक घेतली की आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते : 'मुलाचं पोट सारखं बिघडतं.' औषधाआधी जरा पोटातच डोकावू.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते सगळे रोग करणारे नसतात. भाकरी, डाळ, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून होणाऱ्या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसते. शिवाय ते जागा अडवून बसतात, त्यामुळे रोगजंतूंना सहज बस्तान मांडता येत नाही.

लोकलने ठाण्या-मुंबईकडे जाताना रुळांलगत पालक, लाल माठाचे मळे दिसतात. काहींना नाल्याचे पाणी मिळते. त्यात मैल्याचे जंतू असतात आणि कारखान्याचे सांडपाणी मिसळले तर शिसे, कॅडमियमही. जंतू धुऊन कमी होतात, शिजवल्यावर मरतात. पण धातू पानाच्या आत मुरलेला असतो, तो उकळूनही जात नाही. असे धातू आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. आणि भगिनींनो, हे नीट ऐका : अंगात लोह कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. म्हणजे ज्या घरात रक्त कमी, तिथेच विष जास्त मुरते. म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घरात पडू देऊ नका.

जुडी विकणाऱ्या बाईवर राग काढू नका. तीही तेच शिजवते. नाल्यात रसायन कोण सोडतो, हे विचारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या.

कोंबड्यांच्या खाद्यातूनही प्रतिजैविके दिली जात. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवलेले औषध. जनावरांसाठी त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. पण आपणही काय करतो? दोन जुलाब झाले की मेडिकलमधून गोळी. ती रोगजंतूंबरोबर सोबत्यांनाही मारते. बहुतेक जुलाबांना ओआरएस पुरते, लहान मुलाला सोबत झिंक. शौचात रक्त, ताप किंवा सुस्ती असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

वडापाव वर्तमानपत्रात घेऊ नका. शाईतले शिसे गरम तेलात उतरू शकते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्येही तसे बजावले आहे. घरून स्टीलचा डबा न्या.