नाकातला फवारा: औषध पडते कुठे?

गोरेगावातील माझ्या दवाखान्यात ॲलर्जीच्या सर्दीचे रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, गोळी द्या ना, फवारा कशाला?" कारण साधे आहे. दुखणे नाकाच्या ओलसर अंतस्त्वचेत असते. औषध तिथेच पोचले की अगदी थोड्या मात्रेत भागते.

फवाऱ्याचे यंत्र बनविताना खरी कसोटी थेंबाच्या आकाराची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दम्याच्या इन्हेलरमधील कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असले, तरच फुप्फुसात खोल जातात. नाकाच्या फवाऱ्याचे बहुतेक थेंब १० मायक्रॉनहून मोठे ठेवतात, म्हणजे ते नाकातच थांबतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये आणलेली स्वाइन फ्लूची 'नॅसोव्हॅक' लसही अशीच सुईविना नाकात फवारायची होती.

मात्र यंत्र कितीही चांगले असले तरी वापर चुकला की औषध वाया जाते. डोके मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा. नळीचे टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवे. पडद्यावर रोज मारा झाल्यास घोळणा फुटतो. श्वास हळू घ्या. जोराने ओढल्यास औषध घशात उतरते.

आणखी एक. चोंदलेले नाक झटकन मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे फवारे वेगळे. ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. पुढे त्या औषधानेच नाक चोंदू लागते. म्हणून घरातल्या बाटलीवरचे नाव आजच वाचा.